कार्बनचे चार हात मोजणारा केकुले

युरिया हा शब्द शिरूर-दौंडच्या पट्ट्यात दोन ठिकाणी हमखास कानावर पडतो. एक खताच्या दुकानात आणि दुसरा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेबाहेर, जिथं मूत्रपिंडाच्या रुग्णाचे नातेवाईक ब्लड युरियाचा रिपोर्ट हातात घेऊन उभे असतात. त्यांच्यातला एखादा शेतकरी कधीतरी विचारतोच, डॉक्टर, पोत्यातला युरिया आणि रक्तातला युरिया एकच का? एकच. कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. पोत्यातला कारखान्यात बनतो, रक्तातला आपल्या यकृतात. अणू तेच आणि त्यांची जोडणीही तीच, त्यामुळे पदार्थही तोच.

दोनशे वर्षांपूर्वी हे कुणाला पटलं नसतं. सजीवांच्या शरीरातले पदार्थ बनवायला एक खास जीवशक्ती लागते, ते माणसाच्या हातून बनणं शक्य नाही, असा तेव्हाचा समज होता. १८२८ मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिश व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि त्या समजाला पहिला मोठा तडा गेला. पण खरा प्रश्न पुढंच होता. शरीरातल्या या पदार्थांमध्ये अणू कोणते आणि किती हे मोजता येऊ लागलं होतं. ते एकमेकांना धरून कसे बसतात, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर ज्यानं दिलं तो मुलगा व्होलर यांच्या युरियानंतर एका वर्षानं, ७ सप्टेंबर १८२९ रोजी, जर्मनीतल्याच डार्मश्टाट गावी जन्मला. त्याचं नाव फ्रीडरिश ऑगस्ट केकुले.

घरं बांधायला निघालेला मुलगा

केकुलेचे वडील सरकारी अधिकारी होते. मुलाचा चित्रकलेचा हात चांगला होता, म्हणून त्यानं वास्तुविशारद व्हावं असं ठरलं. १८४७ मध्ये तो गीसन विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकायला गेला. तिथं युस्टुस फॉन लीबिग हे त्या काळचे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ शिकवत होते. पिकांना नायट्रोजन आणि खनिजं कशी लागतात, या विषयातलं त्यांचं काम आजही शेतीच्या अभ्यासात येतं. केकुले त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागला आणि त्याचं मन वास्तुशास्त्रातून उडालं. घरच्यांना हे रुचलं नाही. नीट विचार कर म्हणून त्यांनी त्याला काही महिने गावी परत आणून तिथल्या तंत्रशाळेत घातलं. पण त्याचा विचार बदलला नाही.

लीबिग यांनी त्याला एक विचित्र इशारा दिला होता. ज्याला रसायनशास्त्रात काही करून दाखवायचं आहे, त्यानं प्रकृतीचा बळी द्यायची तयारी ठेवावी, अशा अर्थाचा. केकुलेनं तो शब्दशः पाळला. कित्येक वर्षं तो रात्री तीन-चार तासच झोपत असे, असं त्यानंच उतारवयात सांगितलं. डॉक्टर म्हणून मी हा सल्ला कुणालाही देणार नाही. पण त्याच्या अपुऱ्या झोपेची ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढं उपयोगी पडणार आहे.

१८५२ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात पॅरिसमध्ये शिक्षण, मग स्वित्झर्लंडमध्ये सहायकाचं काम, आणि १८५३ च्या अखेरीपासून लंडन. लंडनमध्ये तो सेंट बार्थोलोम्यू या जुन्या रुग्णालयात जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाचा सहायक होता. काम फारसं मनाजोगं नव्हतं, पण संध्याकाळी मित्रांबरोबर रसायनशास्त्रावर तासन्‌तास चर्चा चालायची. अशाच एका उन्हाळी रात्री तो घोड्यांच्या बसनं घरी परतत होता. वरच्या मजल्यावर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली आणि डोळ्यांपुढं अणू नाचताना दिसले. लहान अणू जोड्या करत होते, मोठे अणू लहानांना कवेत घेत होते आणि मोठ्यांची एकमेकांना धरून साखळी होत होती. घरी जाऊन त्यानं रात्र जागून त्या आकृत्या कागदावर उतरवल्या, अशी आठवण त्यानं पुढं सांगितली.

तेव्हाचा गोंधळ

त्या काळचा गोंधळ किती होता, याचं एक उदाहरण देतो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड हा अगदी साधा पदार्थ. त्यात कार्बन दोन, हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन. केकुलेनं पुढं पाठ्यपुस्तक लिहिलं तेव्हा या एकाच पदार्थासाठी निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी वापरलेली १९ सूत्रं त्यात नोंदवली होती.

त्याहून मोठं कोडं दुसरं होतं. अणू सारखे, संख्या सारखी, तरी पदार्थ वेगळे. कार्बन दोन, हायड्रोजन सहा, ऑक्सिजन एक, एवढ्या सामानातून दोन पदार्थ होतात. एक म्हणजे इथेनॉल, उसाच्या मळीपासून बनणारं आणि आता पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं अल्कोहोल. ते ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. दुसरा डायमिथिल इथर, जो आपल्या घरातल्या तापमानाला वायू असतो आणि थंड करत शून्याखाली सुमारे २५ अंशांपर्यंत नेल्यावरच द्रव होतो. फरक एवढाच की इथेनॉलमध्ये कार्बननं कार्बनचा हात धरलेला असतो. इथरमध्ये दोन कार्बनच्या मध्ये ऑक्सिजन येऊन बसलेला असतो. दहावीच्या मुलांना हे आज समघटकता म्हणून शिकवतात. केकुलेच्या आधी हे समजून घ्यायला भाषाच नव्हती.

चार हात

१८५६ मध्ये केकुले हायडेलबर्गला शिकवू लागला आणि मे १८५८ मध्ये त्याचा तो प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, कार्बनच्या अणूला जोडणीचे चार हात असतात, पुस्तकी भाषेत त्याची संयुजा चार आहे. दुसरी, कार्बनचे अणू आपले हात एकमेकांनाही देऊ शकतात आणि त्यातून साखळी तयार होते. ही दुसरी गोष्ट मोठी होती. कारण एकदा कार्बन कार्बनला धरू लागला की साखळीला अंत राहत नाही. या गुणाला आता मालिकाबंधन शक्ती म्हणतात.

हात म्हणजे काय, हे केकुलेला ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता. आज आपल्याला माहीत आहे की दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन सामायिक ठेवतात, त्याला बंध म्हणतात. कार्बनकडे असे चार इलेक्ट्रॉन असतात. त्याचा अणू लहान असल्यामुळे शेजाऱ्याला तो घट्ट धरतो, म्हणून साखळी लांब झाली तरी टिकते.

लहानपणी खेळलेले खेळ आठवा. मुलींनी एकेक हात धरून रांग केली तर तो एकेरी बंध. दोघींनी दोन्ही हात धरून फुगडी घातली तर तो दुहेरी बंध. फुगडीत दोघी जवळ येतात आणि पकड घट्ट होते. कार्बनचंही तसंच आहे. एकेरी बंधात दोन कार्बनमधलं अंतर १.५४ अँगस्ट्रॉम असतं, दुहेरीत १.३४. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. रांगेतली मुलगी हात न सोडता स्वतःभोवती वळू शकते, फुगडीतल्या मुलीला ती मोकळीक नसते. दुहेरी बंधही असाच ताठ असतो, त्याला सहज पीळ देता येत नाही.

आता हेच आपल्या स्वयंपाकघरात पाहू. स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन मेदाम्लं. दोघांतही १८ कार्बनची साखळी. स्टिअरिकमध्ये सगळे बंध एकेरी, म्हणून साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना चिकटून थर लावतात, आणि तो पदार्थ सुमारे ६९ अंशांपर्यंत घट्ट राहतो. ओलेइकमध्ये मधोमध एकच दुहेरी बंध असतो. तिथं साखळीला बाक येतो, थर नीट बसत नाहीत, आणि पदार्थ १३-१४ अंशांच्या वर पातळ होतो. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक भरपूर असतं, म्हणून ते पातळ. तुपात सरळ साखळ्या जास्त, म्हणून ते थिजतं. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालून दुहेरी बंध मोडतात. त्यात काही दुहेरी बंध मोडत नाहीत, पण उलट्या बाजूला वळून बसतात आणि बाक निघून जातो. हेच ट्रान्स फॅट. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, चांगलं कमी करतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक ठरतं. म्हणून आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. अणू एकही वाढला नाही, घटला नाही. एका बंधाची बाजू बदलली, एवढंच.

साखळीच्या लांबीचंही तसंच आहे. उसातल्या साखरेपासून मिळणाऱ्या ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. यीस्ट ती साखळी तोडतं आणि दोन-दोन कार्बनचं इथेनॉल होतं, उरलेले दोन कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातात. मिथेनॉलमध्ये कार्बन एकच. दिसायला आणि वासाला दोन्ही जवळजवळ सारखी. शरीरात इथेनॉलचं शेवटी ॲसिटिक ॲसिड होतं, जे शरीर जाळून टाकतं. मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं, आणि ते डोळ्याच्या नसेला मारतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथं विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळं. हातभट्टीची पिऊन आलेल्या माणसाला धुरकट दिसू लागलं, तर उतरेल म्हणून वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयात आणा. यावर उतारा आहे आणि डायलिसिसही आहे, पण दोन्हींचा उपयोग वेळेत आल्यासच.

पॅरिसमधला दुसरा तरुण

१८५८ च्या त्याच वसंतात पॅरिसमध्ये आर्चिबाल्ड स्कॉट कूपर हा २७ वर्षांचा स्कॉटिश तरुण अगदी याच निष्कर्षावर पोहोचला होता. कार्बनचे चार हात आणि कार्बनची कार्बनशी साखळी. तो शार्ल व्युर्त्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीत सादर व्हावा म्हणून त्यानं तो व्युर्त्झ यांच्याकडे दिला. व्युर्त्झ तेव्हा अकादमीचे सदस्य नव्हते, त्यांना एखाद्या सदस्याकडून तो मांडायला हवा होता. त्यात दिवस गेले. दरम्यान केकुलेचा निबंध छापून आला. कूपरचा निबंध अखेर १४ जून १८५८ रोजी अकादमीपुढं आला, तेव्हा श्रेय केकुलेच्या नावावर लागलं होतं.

कूपरनं व्युर्त्झ यांना जाब विचारला. भांडण झालं आणि त्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. तो एडिंबरोला परतला, तिथं सहायकाची नोकरी मिळाली, पण १८५९ मध्ये त्याला गंभीर मानसिक आजारानं गाठलं. मनाच्या आजारावर तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. कर्किंटिलॉख या आपल्या गावी आईच्या देखरेखीखाली तो तीसेक वर्षं जगला आणि १८९२ मध्ये वारला. रसायनशास्त्रात त्यानं पुन्हा काहीही लिहिलं नाही. आजार श्रेय हुकल्यामुळंच आला, असं म्हणता येणार नाही. मनाचे आजार एका कारणानं होत नाहीत. पण एक गोष्ट खरी, की कूपरनं आपल्या निबंधात अणूंमधले बंध रेघांनी दाखवले होते. आज शाळेतला मुलगा कार्बन आणि कार्बनमध्ये जी आडवी रेघ ओढतो, ती रीत केकुलेची नव्हे. केकुले तेव्हा लांबट फुगवटे काढून अणू दाखवत असे.

गेंटची वर्षं

१८५८ मध्येच केकुलेला बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं. तिथं तो फ्रेंचमध्ये शिकवत असे. पुढच्या वर्षापासून त्याचं मोठं पाठ्यपुस्तक प्रसिद्ध होऊ लागलं. त्यात त्यानं सेंद्रिय रसायनशास्त्राची व्याख्याच बदलली. सजीवांच्या पदार्थांचं शास्त्र असं न म्हणता कार्बनच्या संयुगांचं शास्त्र असं म्हटलं. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूह इथं रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यामागंही केकुलेची धडपड होती. अणू कशाला म्हणायचं, रेणू कशाला म्हणायचं, यावर एकमत व्हावं म्हणून ती परिषद होती.

१८६२ मध्ये त्याचं स्टेफनीशी लग्न झालं. ती गेंटच्या गॅस कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. पुढच्याच वर्षी मुलगा झाला आणि बाळंतपणानंतर स्टेफनी गेली. त्या काळात युरोपातही बाळंतीण दगावणं ही घरोघरची गोष्ट होती, प्राध्यापकाचं घरही त्याला अपवाद नव्हतं. तान्हा मुलगा पदरात असलेल्या केकुलेचं काम बराच काळ थंडावलं.

कड्याचं कोडं

बेंझिन हा पदार्थ मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये वेगळा केला होता, दिव्यांसाठी साठवलेल्या गॅसच्या टाकीत जमणाऱ्या तेलकट द्रवातून. त्यात कार्बन सहा आणि हायड्रोजनही सहाच. इथं साखळीचं गणित अडत होतं. सहा कार्बनच्या साध्या साखळीला १४ हायड्रोजन लागतात. सहाच असतील तर पुष्कळ दुहेरी किंवा तिहेरी बंध असले पाहिजेत. पण तसे बंध असलेले पदार्थ ब्रोमीनला लगेच पकडतात, आणि बेंझिन सहजासहजी पकडत नाही. शिवाय बेंझिनमधल्या एका हायड्रोजनच्या जागी दुसरा अणू बसवला तर दर वेळी एकच पदार्थ मिळतो. म्हणजे सहाही जागा सारख्या असल्या पाहिजेत. साखळीत टोकाची जागा आणि मधली जागा सारख्या असू शकत नाहीत.

जानेवारी १८६५ मध्ये केकुलेनं उत्तर मांडलं. साखळीची दोन टोकं एकमेकांना धरतात आणि सहा कार्बनचा फेर तयार होतो. फेरात ना कुणी पहिला ना कुणी शेवटचा. एकाआड एक बंध दुहेरी धरला की प्रत्येकाचे चारही हात भरतात.

याही शोधामागं त्यानं पुढं स्वप्न सांगितलं. गेंटमध्ये शेकोटीपुढं डुलकी लागली असताना सापासारख्या वळवळणाऱ्या साखळ्या दिसल्या आणि त्यातल्या एका सापानं आपलंच शेपूट तोंडात धरलं. ही गोष्ट इतकी प्रसिद्ध झाली की झोपेत शोध लागतो असं अनेकांना वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. रोज तीन-चार तास झोपणाऱ्या माणसाला बसमध्ये आणि शेकोटीपुढं डुलकी लागणारच. जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर मेंदूत चित्रं तरळतात, हेही सर्वांच्या बाबतीत घडतं. चित्रात काय दिसेल हे मात्र दिवसभर डोक्यात काय घोळतंय यावर असतं. केकुलेच्या डोक्यात वर्षानुवर्षं बेंझिनचे प्रयोग होते, आणि जागेपणी त्यानं त्या चित्राची प्रयोगांशी ताडणी केली. ऑस्ट्रियाच्या योझेफ लोश्मिट यांनीही १८६१ मध्ये बेंझिन गोल चिन्हानं दाखवलं होतं, पण सहा कार्बनचा फेर नेमका मांडून त्यातून तपासता येतील असे निष्कर्ष काढले ते केकुलेनं.

एक त्रुटी राहिली होती. एकाआड एक दुहेरी बंध असतील तर फेरात लांब आणि आखूड अंतरं एकाआड एक दिसायला हवीत. १८७२ मध्ये केकुलेनं सुचवलं की दुहेरी बंध जागा बदलत राहतात. आजचं चित्र असं की सहा जास्तीचे इलेक्ट्रॉन कुणा एका जोडीचे नसून साऱ्या फेराचे असतात. म्हणून सहाही अंतरं सारखी, सुमारे १.३९ अँगस्ट्रॉम, म्हणजे एकेरी आणि दुहेरी यांच्या मधली. हा फेर सपाट असतो, हे कॅथलीन लॉन्सडेल या महिला शास्त्रज्ञानं १९२९ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं.

तो फेर आपल्या घरात

केकुलेचा हा फेर आपल्या औषधाच्या डब्यात आहे. फेरावर दोन गट बसवायचे असतील तर तीनच तऱ्हा होतात, शेजारी, एक सोडून, किंवा अगदी समोरासमोर. समोरासमोरच्या जागेला पॅरा म्हणतात. तापाची गोळी पॅरासिटामॉल, तिच्या नावातला पॅरा तोच. ॲस्पिरिनमध्येही हाच फेर आहे, फक्त गट शेजारी-शेजारी. डांबरगोळीतल्या नॅप्थॅलिनमध्ये दोन फेर एकमेकांना चिकटलेले असतात. तान्ह्या बाळाची दुपटी डांबरगोळ्यांत ठेवू नका. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या पेशी या वाफेनं फुटतात आणि कावीळ होते.

खुद्द बेंझिनचा धोका याहून मोठा आहे. त्याचा फेर मजबूत असल्यामुळं शरीराला तो सहज मोडता येत नाही. यकृत त्यावर ऑक्सिजन बसवू पाहतं आणि त्या खटपटीत तयार होणारे पदार्थ हाडांच्या मज्जेपर्यंत जाऊन रक्त बनवणाऱ्या पेशींनाच इजा करतात. वर्षानुवर्षं बेंझिन श्वासातून जात राहिलं तर रक्त बनणं मंदावतं आणि रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. आता गंमत पाहा. याच फेराला एक जादा कार्बन जोडला की टोल्युइन होतं, थिनरमध्ये असतं ते. त्या जादा कार्बनमुळं यकृताला पकडायला मूठ मिळते. ते त्या मुठीवर काम करून बेंझोइक ॲसिड बनवतं आणि पुढं लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यामुळं मज्जेवरचा तो घाव टळतो. टोल्युइनही निरुपद्रवी नाही, ते मेंदूवर परिणाम करतं, पण एका कार्बननं धोक्याची जागाच बदलली.

दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक उद्योगांची वसाहत आहे, शिरूर तालुक्यात रांजणगावला मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि दोन्ही तालुक्यांत रस्तोरस्ती गॅरेजं आणि रंगकामाची दुकानं आहेत. त्या सर्वांसाठी काही साध्या गोष्टी सांगतो. पेट्रोलमध्ये आजच्या नियमानुसारही एक टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं, त्यामुळं पेट्रोलनं हात धुऊ नका आणि नळीनं तोंडानं पेट्रोल ओढू नका. ते फुप्फुसात गेलं तर त्याच दिवशी जीवावर बेततं. सॉल्व्हंटचं काम उघड्यावर किंवा एक्झॉस्ट पंखा असलेल्या खोलीत करा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. कारखान्यात दर वर्षी होणाऱ्या तपासणीत रक्ताच्या पेशींची मोजणी होते का ते विचारा आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. एकच रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, पण पेशी वर्षागणिक घटत असतील तर ते जुने कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं. सतत थकवा, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, वारंवार ताप, असं काही असेल तर आपण कशाजवळ काम करतो हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

अखेरची वर्षं

१८६७ मध्ये केकुले जर्मनीत बॉन विद्यापीठात आला आणि अखेरपर्यंत तिथंच राहिला. १८७६ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं. त्याचं शिकवणं फार प्रभावी होतं. रसायनशास्त्राची पहिली पाच नोबेल पारितोषिकं पाहा. १९०१ चे व्हान्ट हॉफ, १९०२ चे एमिल फिशर आणि १९०५ चे बायर, हे तिघंही कधी ना कधी त्याच्या हाताखाली शिकले होते. यातल्या व्हान्ट हॉफ यांनी १८७४ मध्ये दाखवलं की कार्बनचे चार हात कागदावर दिसतात तसे सपाट नसून चार दिशांना पसरलेले असतात. फिशर यांनी त्याच आधारावर ग्लुकोजची रचना उलगडली.

बेंझिनच्या सूत्राला २५ वर्षं झाली म्हणून मार्च १८९० मध्ये बर्लिनला मोठा सोहळा झाला. जर्मनीचा रंग उद्योग त्याच फेरावर उभा राहिला होता. स्वप्नांच्या दोन्ही गोष्टी केकुलेनं सांगितल्या त्या या समारंभात, पण त्याचबरोबर जागेपणी तपासल्याशिवाय स्वप्न छापायला देऊ नका, असंही त्यानं बजावलं. १८९५ मध्ये सम्राटाकडून सरदारकी मिळाली. १३ जुलै १८९६ रोजी बॉनमध्ये त्याचं निधन झालं.

बॉनमध्ये पुढं त्याचाच शिष्य रिचर्ड आन्शुट्झ प्राध्यापक झाला. गुरूचं चरित्र लिहिण्यासाठी जुने कागद धुंडाळताना त्याला कूपरचा निबंध सापडला. कूपर म्हणजे कोण, त्याचं पुढं काय झालं, हे तोवर सगळे विसरले होते. आन्शुट्झनं स्कॉटलंडला पत्रं पाठवली, माहिती जमवली, आणि १९०९ मध्ये कूपरचं जीवन व त्याचं काम छापून जगापुढं ठेवलं. तेव्हापासून कार्बनच्या साखळीच्या शोधात केकुलेबरोबर कूपरचंही नाव घेतलं जातं. ते परत मिळवून देणारा माणूस केकुलेचाच विद्यार्थी होता.